काट्याला उजेड, माणसाला अंधार

ट्रकचा इतिहास लिहिणारे इंजिनापासून सुरुवात करतात. हॉर्सपॉवर किती, टन किती, कंपनी कोणती, परदेशी करार कोणत्या साली झाला. रात्री कॅबिनमध्ये उजेड कशाचा होता, हे कोणी लिहीत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्या रिसोडला जुन्या ट्रकांचे मीटर आणि कॅबिन एलईडीवर नेण्याचं काम भरपूर चालू आहे. जुना पिवळा बल्ब काढायचा, पांढरा एलईडी बसवायचा, दोन तासांत गाडी नवी दिसू लागते. काम साधं वाटतं. पण त्या मीटरमध्ये एक बल्ब असा असतो की तो बदलला तर काही तासांनी गाडी रस्त्यातच उभी राहू शकते. तो बल्ब कोणता आणि तो का बदलायचा नाही, हे आमच्याकडच्या ज्या लोकांना माहीत आहे त्यांना ते कोणत्याही शाळेत शिकवलेलं नाही. म्हणून हा लेख बल्बाचा आहे आणि तो बसवणाऱ्यांचाही.

आधी गावाबद्दल. रिसोडला रेल्वे नाही. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी लाइन वाशीमला येते आणि तिथून हिंगोलीला निघून जाते. इंग्रजी अमदानीत आम्ही वऱ्हाडातल्या बासीम जिल्ह्यात होतो. १९०५ साली तो जिल्हा मोडला आणि आमचा भाग अकोल्यात टाकला गेला, आणि वाशीम पुन्हा जिल्हा झालं ते १ जुलै १९९८ ला. दक्षिणेला सेनगाव-हिंगोलीची बाजू तेव्हा निजामाच्या राज्यात. म्हणजे गाव सरहद्दीवरचं आणि रेल्वेपासून लांब. अशा गावाचा माल आधी बैलगाडीने गेला, मग लॉरीने. कापूस गेला, ज्वारी गेली, तूर गेली, आणि १९९० नंतर शिवारं सोयाबीनने भरली तेव्हा सोयाबीन जाऊ लागलं. ट्रकवर जगणारी घरं आमच्या मोहल्ल्यात त्यामुळे पहिल्यापासून आहेत. कोणी ड्रायव्हर, कोणी किन्नर, कोणी पंक्चरवाला, कोणी पाटा कमानीवाला, कोणी वायरिंगवाला.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या अमेरिकन लॉऱ्या देशभर लिलावात निघाल्या. फोर्ड, शेवरोले, डॉज. पुष्कळ ठिकाणी पहिला ट्रक म्हणून आली ती हीच लष्करी गाडी. मग देशी कारखाने आले. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि फार्गो गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज बनू लागली. १९६९ ला करार संपला, बॉनेटवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटांचा टी आला. मद्रासकडे अशोक मोटर्सची १९५५ साली अशोक लेलँड झाली. इतका इतिहास सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून मी तो भराभर सांगितला.

ठाऊक नसतं ते असं की या कारखान्यांतून बहुतेक ट्रक अर्धाच बाहेर पडायचा. कंपनी चासी द्यायची. चाकं, इंजिन, बॉनेट, स्टिअरिंग आणि स्टिअरिंगसमोरचा मीटरचा पत्रा, एवढंच. त्याच्या मागे काही नाही. छप्पर नाही, दार नाही, सीट नाही. जमशेदपूरहून चासी घेऊन निघणारे कॉन्व्हॉय ड्रायव्हर उघड्यावर, फळकुटावर बसून, डोक्याला फडकं गुंडाळून हजार-बाराशे किलोमीटर गाडी आणायचे. पुढे बॉडी बांधणाऱ्याकडे कॅबिन उभी राहायची. सागाची नाही तर दुसऱ्या कुठल्या लाकडाची चौकट, वरून पत्रा, आतून रेक्झीन. पंजाबात सरहिंद, तमिळनाडूत नामक्कल ही बॉडीची मोठी गावं. आमच्याकडच्या गाड्या अकोल्याला, नागपूरला बांधून यायच्या.

आता या कॅबिनमधल्या उजेडाची वाटणी बघा. मीटरच्या पत्र्यात कंपनीने बल्ब दिलेले असायचे. स्पीडच्या काट्यामागे एक, तेलाच्या दाबाच्या मागे एक, पाण्याच्या तापमानाच्या, डिझेलच्या, हवेच्या दाबाच्या मागे एकेक. शिवाय इशाऱ्याचे छोटे दिवे. हे सगळे यंत्राची हालहवाल सांगणारे. पण ज्याला त्या खोक्यात आठ-आठ दिवस राहायचं, जेवायचं, झोपायचं, हिशेबाची वही लिहायची, रात्री दीड वाजता टोचन बांधायची दोरी शोधायची, त्याच्यासाठी कंपनीचा एकही दिवा नव्हता. कॅबिनच कंपनीची नव्हती तर दिवा कुठून असणार? कंपनीने उजेड काट्याला दिला. माणसाचा उजेड बाजारातून यायचा, आणि तो लावणारा बाजारातला वायरिंगवाला असायचा.

हा वायरिंगवाला आमच्या भागात बहुतेक वेळा मुसलमान असायचा, अजूनही असतो. यात रक्ताचा किंवा हाताच्या कसबाचा काही चमत्कार नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये पंतप्रधानांना सादर झाला. त्यात स्पष्ट नोंदवलं आहे की मुस्लिम कामगार नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात जास्त आहेत, आणि ज्या थोड्या धंद्यांत त्यांचं प्रमाण ठळकपणे जास्त दिसतं त्यांत वाहनदुरुस्ती आहे. अहवाल वाचताना मला आमची गल्ली दिसली. शेत नाही, भांडवल नाही, आठवीनंतर शाळा सुटलेली. वायरिंगच्या दुकानाला काय लागतं? पकड, पेचकस, सोल्डरिंगची कावी, काळी टेप आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे होल्डरात एक बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी. एक टोक बॉडीला लावायचं, दुसरं जिथे शंका आहे तिथे. बल्ब पेटला तर करंट आहे. लाखाच्या गाडीचं निदान पाच रुपयांच्या बल्बावर. मुलगा आधी दोन वर्षं नुसता हा लॅम्प धरून उस्तादच्या मागे फिरायचा. पगार म्हणून ईदला कपडे आणि रोजचा चहा. या पद्धतीचं कौतुक करणाऱ्यांतला मी नाही. त्या दोन वर्षांत तो मुलगा दहावी झाला असता.

माझे मोठे मामू ऐंशीच्या दशकात टाटा १२१० वर होते. जिनिंगमधून कापसाच्या गाठी मुंबईला न्यायचे. मामूंच्या गाडीतला उजेड मला चांगला आठवतो. छताला मधोमध एक पांढऱ्या काचेचं झाकण, आत दोन्ही टोकांना टोप्या असलेला लांबट बल्ब, दहा वॅटचा. ड्रायव्हरच्या डोक्यावर काचेच्या वरच्या पट्टीला लाल आणि हिरव्या छोट्या बल्बांची माळ. मधोमध फ्रेममध्ये काबेचं चित्र आणि ७८६, त्यावर एक स्वतंत्र बल्ब, जो चावी लावली की आपोआप पेटायचा. शेजारच्या भाऊंच्या गाडीत त्याच जागी शेगावचे गजानन महाराज होते. नागपूरच्या ताजुद्दीन बाबांची फ्रेम तर दोघांच्याही गाड्यांत सापडायची. फोटो वेगवेगळे, पण त्यावरच्या बल्बाची वायर एकाच उस्तादने, एकाच फ्यूजवरून ओढलेली.

कापसाच्या गाडीत वायरिंग हा जिवाचा विषय. वायरीवरचं आवरण उन्हाने, तेलाने तडकतं, लाकडी चौकटीला घासून सोलतं, आणि ठिणगी पडायला तेवढं पुरतं. मामू कॅबिनमध्ये विडी ओढू देत नसत, तसे बाजारात कोणाकडूनही बल्ब लावून घेत नसत. उस्तादने प्रत्येक नव्या बल्बाला फ्यूज घातला आहे ना, हे स्वतः बघायचे. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी गुंडाळून गाडी हाकणारे तेव्हा कमी नव्हते.

पिवळ्या बल्बाची अडचण उजेडापेक्षा उष्णतेची. तापलेल्या तारेचा दिवा खातो ती वीज बहुतेक उष्णतेत घालवतो, शंभरातला पाच-सहा भाग उजेडाला मिळतो. मीटरमागे मूळ बल्ब दोन-तीन वॅटचे. काही वर्षांनी काच धुळकटते, आतला पांढरा रंग पिवळा पडतो, काटा दिसेनासा होतो. मग ड्रायव्हर म्हणतो, मोठा बल्ब टाक. तीनच्या जागी पाच वॅट टाकला की सहा महिन्यांत होल्डर वितळतो, मीटरची तबकडी तपकिरी होते. जुन्या गाड्यांचे मीटर असे मागून भाजलेले सापडतात. दुसरा हिशेब बॅटरीचा. बारा व्होल्टवर दहा वॅटचा छतावरचा दिवा पाऊण अँपिअरहून जास्त ओढतो. सोयाबीनच्या हंगामात बाजार समितीच्या बाहेर गाडी रात्रभर रांगेत उभी, दिवा चालू, टेप चालू. सकाळी सेल्फ मारला की नुसता टक् आवाज. मग चार जण धक्क्याला. एलईडी तेवढाच उजेड एक-दीड वॅटमध्ये देतो. ट्रकवाल्यांनी एलईडी स्वीकारला तो दिसायला छान म्हणून, असं बाहेरच्यांना वाटतं. पहिलं कारण सकाळचा हा सेल्फ होता.

या छोट्या दिव्याचा स्वतःचा इतिहासही मोठा आहे. १९०७ साली हेन्री राउंड या इंग्रज अभियंत्याला कार्बोरंडमच्या खड्यातून वीज सोडताना पिवळसर प्रकाश दिसला. त्याने चार ओळींची नोंद छापली आणि सोडून दिलं. १९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव याने त्याचा नीट अभ्यास केला. तो १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात मेला आणि काम विस्मरणात गेलं. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक याने डोळ्याला दिसणारा लाल एलईडी बनवला. त्याचे वडील कोळसा खाणीतले मजूर. लालनंतर पिवळा आणि हिरवा आला. निळा मात्र येईना. त्यामुळे गाड्यांच्या मीटरमध्ये एक गंमत होऊन बसली. इशाऱ्याचे लाल, पिवळे, हिरवे दिवे एलईडीचे करता यायचे, पण अप्परची खूण सगळ्या जगात निळी असते, आणि तिच्यामागे मात्र निळ्या काचेआड तापलेल्या तारेचा बल्बच ठेवावा लागायचा. पुरेसा तेजस्वी निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये जपानच्या शिकोकू बेटावरच्या निचिया नावाच्या कंपनीत काढला. निळ्यावर पिवळसर लेप चढवून पांढरा उजेड मिळू लागला तो १९९६ पासून. या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पेटंटबद्दल कंपनीने नाकामुरांना सुरुवातीला वीस हजार येन दिले होते. पुढे ते कोर्टात गेले, २००५ साली चौऱ्याऐंशी कोटी येनवर तडजोड झाली. ही गोष्ट मी आमच्या उस्तादना सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, "मतलब वहाँ भी ऐसाच है."

आता त्या एका बल्बाकडे येतो.

मागच्या सोयाबीनच्या हंगामात आमच्या मामेभावाची सहाटायरी टाटा मेहकरच्या पुढे पहाटे बंद पडली. गाडीची पासिंग १९९७ ची, म्हणून नंबर अकोल्याचा, एमएच-३०. त्याने दोनच दिवसांपूर्वी हायवेवरच्या एका दुकानात मीटरचे सगळे बल्ब बदलून एलईडी घालून घेतले होते. काम सफाईदार होतं, काटे लख्ख दिसत होते. रात्रभर हेडलाइट लावून गाडी चालली आणि पहाटे चहाला थांबून पुन्हा सेल्फ मारला तर बॅटरी रिकामी. बॅटरी सहा महिन्यांची. त्याने रिसोडला उस्तादना फोन लावला. उस्तादनी एवढंच विचारलं, "चार्जिंग की बत्ती बी बदली क्या?"

मीटरवर बॅटरीचं लाल चित्र असतं. चावी फिरवली की ते पेटतं, इंजिन सुरू झालं की विझतं. बहुतेकांना वाटतं तो नुसता निरोप देणारा दिवा आहे. जुन्या गाड्यांत त्याच्याकडे आणखी एक काम असतं, आणि ते समजायला थोडं मागे जावं लागतं. पूर्वी गाड्यांना डायनेमो होता. त्याच्या लोखंडात थोडं चुंबकत्व कायम शिल्लक राहायचं, तेवढ्यावर तो फिरू लागताच वीज बनवायचा. पुढे त्याच्या जागी अल्टरनेटर आला. आमच्याकडे आजही त्याला डायनेमोच म्हणतात, यंत्र बदललं तरी नाव तेच राहिलं. अल्टरनेटर हलका, कमी वेगातही वीज देणारा, पण तो स्वतःहून नीट जागा होत नाही. त्याच्या फिरत्या गुंडाळीला सुरुवातीला बाहेरून थोडा करंट द्यावा लागतो. तो करंट बॅटरीतून निघून याच लाल बल्बातून जातो. तीन वॅटचा बल्ब असेल तर पाव अँपिअर. गुंडाळी चुंबक होते, अल्टरनेटर वीज देऊ लागतो, बल्बाच्या दोन्ही बाजूंना सारखाच दाब येतो आणि बल्ब विझतो. म्हणजे तो दिवा तारेतला एक दुवा आहे. त्या जागी एलईडी घातला की पाव अँपिअरऐवजी त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही करंट जात नाही. दिवा तर पेटतो, पण अल्टरनेटर झोपलेलाच राहतो. त्यात तो एलईडी उलट्या बाजूने बसला असेल तर पेटतही नाही, म्हणजे इशाराही गेला.

मामेभावाला उस्तादनी फोनवरच सांगितलं की पार्किंगच्या दिव्यातला काचेचा कॅपलेस बल्ब काढ आणि बॅटरीच्या चित्रामागे खोच. होल्डरात बसला. शेजारच्या गाडीवरून वायर लावून इंजिन सुरू केलं आणि लाल दिवा विझला. सकाळी अकराला गाडी जालन्याला पोहोचली. एलईडीच हवा असेल तर त्याच्या बाजूने योग्य मापाचा रेझिस्टर जोडून काम भागतं. पण उस्ताद म्हणतात, एका बल्बासाठी कशाला, आहे तो राहू दे.

या गोष्टीत मला इतिहासाच्या दृष्टीने एक वेगळीच गंमत वाटते. अल्टरनेटर फिरता-उलटा करंट बनवतो, बॅटरीला सरळ लागतो. तो सरळ करायला आत सहा डायोड असतात. आमचे लोक त्याला डायोड प्लेट म्हणतात. स्वस्त सिलिकॉन डायोड मिळू लागले तेव्हाच अल्टरनेटर गाड्यांत आला, अमेरिकेत क्रायस्लरने १९६० साली आणला. एलईडीतला डी म्हणजेही डायोडच. तो उजेड देऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासून आमचे उस्ताद लोक त्याच्या भावंडाला ओळखत होते. करंट एकाच बाजूने जाऊ देतो, उलटा लावला की मेला, तापला की जळतो, हे सगळं डायोड प्लेट बदलता बदलता हाताला कळलेलं. म्हणून एलईडी बाजारात आला तेव्हा रिसोडच्या जुन्या वायरिंगवाल्यांना तो परका वाटला नाही. बसवताना एकदा पेटला नाही तर ते काढून फिरवून लावतात.

इंडिकेटरचंही असंच. जुना फ्लॅशर डबीतल्या तापणाऱ्या पट्टीवर चालतो. बल्बांचा करंट पट्टीला तापवतो, पट्टी वाकते, दिवा विझतो, पट्टी थंड होते, पुन्हा पेटतो. एलईडीचा करंट इतका थोडा की पट्टी तापतच नाही, नाही तर डबी समजते की बल्ब उडाला आणि दुप्पट वेगाने टकटक करते. मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो. काही जुन्या गाड्यांत मीटरवर दोन्ही बाजूंच्या इंडिकेटरला एकच खुणेचा दिवा असतो, तो डाव्या आणि उजव्या वायरीच्या मधोमध जोडलेला. तिथे साधा एलईडी घातला की तो एका बाजूला पेटतो आणि दुसऱ्या बाजूला गप्प. मीटरचा उजेड कमी-जास्त करायची जुनी गोल चकतीही एलईडीपुढे निकामी होते, कारण ती बल्बाच्या करंटच्या मापाने बनलेली. आणि रंग. जुन्या बल्बावर हिरवी रबरी टोपी असायची. पांढऱ्या एलईडीवर तीच टोपी ठेवली तर काहीतरी आजारी रंग येतो. टोपी काढून हिरवाच एलईडी लावायचा असतो, लाल चित्रामागे लालच. पांढरा लावला तर हँडब्रेकचा दिवा गुलाबी दिसतो. इशाऱ्याचा दिवा गुलाबी दिसून कसं चालेल!

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वायरीची नाही, डोळ्याची आहे. पांढऱ्या-निळ्या एलईडीच्या पट्ट्या स्वस्त झाल्यापासून पोरांनी कॅबिन लग्नाच्या मांडवासारख्या केल्या आहेत. छताला पट्टी, दाराला पट्टी, सीटखाली पट्टी, आणि सगळं चालत्या गाडीत चालू. रिसोडवरून लोणारकडे किंवा सेनगावकडे रात्री निघालात तर पुढे काय असतं? दिवा नसलेली बैलगाडी. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. कडेला पसरलेलं सोयाबीन आणि त्याच्याभोवती ठेवलेले दगड. काळ्या घोंगडीतला माणूस. हे सगळं अंधूक उजेडात दिसणारं, आणि डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. कॅबिनमधला निळसर लख्ख उजेड ते सरावणं मोडतो. वर तोच उजेड समोरच्या काचेवर उमटतो आणि ड्रायव्हरला रस्त्याच्या जागी स्वतःचं स्टिअरिंग दिसतं.

हे काही आजचं ज्ञान नाही. बसऱ्यात जन्मलेला आणि कैरोत राहिलेला इब्न अल-हैसम याने अकराव्या शतकाच्या सुरुवातीला 'किताब अल-मनाझिर' हा प्रकाशावरचा ग्रंथ लिहिला. त्यात तो सुरुवातीलाच डोळ्याच्या या मर्यादेकडे वळतो. तारे दिवसाही आकाशात असतात, पण तीव्र उजेडापुढे डोळा त्यांना पाहू शकत नाही. मंद वस्तू दिसायची तर मधला तीव्र उजेड दूर व्हावा लागतो. त्या ग्रंथाच्या हजार वर्षांचं निमित्तही धरून संयुक्त राष्ट्रांनी २०१५ हे प्रकाशाचं आंतरराष्ट्रीय वर्ष पाळलं. योगायोग असा की त्याच वर्षी ५ जानेवारीला भारत सरकारची घरोघर एलईडी बल्ब देणारी उजाला योजना सुरू झाली, आणि थोड्याच काळात एलईडी आमच्या गल्लीतल्या पानठेल्यापर्यंत पोहोचला. एका बाजूला हजार वर्षांपूर्वीच्या मुस्लिम शास्त्रज्ञाचे गोडवे गाणारे आमच्या समाजात बरेच आहेत. त्याने काय सांगितलं ते वाचून कॅबिनची पट्टी बंद करणारे कमी. उस्तादनी त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण ते गिऱ्हाइकाला सांगतात ते तेच आहे. कॅबिनचा दिवा दारावर स्विच लावून घ्या, दार उघडलं की पेटेल, बंद झालं की विझेल. रात्री वही वाचायला वेगळा छोटा दिवा, खाली वाकलेला. मीटरचा उजेड हिरवा किंवा पिवळसर, काटा दिसेल इतकाच. फोटोवरचा बल्ब ठेवायचा तर एक लाल एलईडी पुरे. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला मंद लाल उजेड सर्वांत कमी त्रास देतो, म्हणून महायुद्धात पाणबुड्यांमध्ये लाल दिवे लावत, हे मी त्यांना नंतर सांगितलं. ते त्यांनी आपल्या दुकानात येणाऱ्या पोरांना लगेच सांगायला सुरुवात केली, आता पट्टीपेक्षा लाल दिव्याला मागणी आहे असं म्हणतात.

एलईडीचा उजेड एकाच दिशेने जातो, बल्बासारखा चहूकडे पसरत नाही. त्यामुळे स्वस्तातला एलईडी घातला की मीटरच्या मधोमध चांदणी आणि कडेला अंधार. उस्ताद त्यासाठी बाजूंनाही चिप असलेले एलईडी आणतात आणि मीटरचा आतला डबा आधी पांढऱ्या रंगाने रंगवून घेतात. सगळं मिळून एका जुन्या मीटरला अर्धा दिवस जातो. गाडी बारा व्होल्टची की चोवीसची हे आधी बघतात, कारण बॅटऱ्या दोन दिसल्या तरी त्या कशा जोडल्या आहेत त्यावर सगळं अवलंबून. चोवीसच्या गाडीत बाराचा एलईडी क्षणभर लख्ख होतो आणि संपतो.

नव्या गाड्यांत यातलं जवळजवळ काहीच उरलेलं नाही. मीटरचे दिवे पाटीवर डाग देऊन पक्के बसवलेले. एक गेला तरी बल्ब बदलता येत नाही, अख्खा मीटर बदलायचा आणि तो कंपनीच्या संगणकाला जोडून ओळख करून द्यायची. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांना वातानुकूलित कॅबिन सक्तीची झाली आहे. ड्रायव्हरसाठी ही चांगली गोष्ट आहे, मे महिन्यात वऱ्हाडात इंजिनाशेजारी बसून गाडी चालवलेल्या कोणालाही विचारा. सत्तर वर्षांनी का होईना, कंपनी माणसाच्या डोक्यावर स्वतः दिवा लावू लागली. पण त्याबरोबर कॅबिन बांधणारा सुतार, रेक्झीनवाला आणि वायरिंगवाला यांचं काम कारखान्याच्या आत गेलं, आणि तिथे आत जायला आयटीआयचा कागद लागतो. तो कागद ज्यांच्याकडे नाही ते सगळे कारखान्याच्या बाहेरच राहिले आहेत. उस्तादचा मुलगा वाशीमला आयटीआयला आहे, इलेक्ट्रिशियनचाच ट्रेड घेतलाय. दुकानावर तो रविवारी बसतो.

मामेभावाच्या गाडीचं काम उस्तादनी मग पुन्हा पहिल्यापासून केलं. मीटरमध्ये हिरवे एलईडी, अप्परला निळा, ऑइल आणि हँडब्रेकला लाल, छताला दारावर चालणारा दिवा. बॅटरीच्या चित्रामागे तीन वॅटचा जुना बल्ब. होल्डरावर त्यांनी लाल रंगाचा ठिपका दिला आहे, पुढे कोणी मीटर उघडला तर हात लावण्याआधी थांबावं म्हणून. मजुरी सातशे रुपये घेतली आणि जळका बल्ब परत मागितला. टेस्ट लॅम्पला लागतो म्हणाले, पण तार तुटलेली होती, म्हणून मग तो फेकून दिला.